तीन बोटांचं हो

पाच जण, पाच हात आणि प्रत्येक हाताची बरोबर तीन बोटं वर. झुलेकाने आधी डावीकडून मोजलं, मग उजवीकडून मोजलं. दोन्ही वेळा पंधराच आली. त्यातली तीन तिची स्वतःची होती, आणि ती वर कशी गेली ते तिलाही कळलं नव्हतं.

"ठरलं तर," क्लेम म्हणाले आणि त्यांनी हिरव्या फायलीत लिहून घेतलं. "एकही मूठ नाही. ओया टेकडीवर जाणार."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणी कुणाला मिठी मारली नाही. मागे सात नंबरचं धुण्याचं मशीन जोरजोरात गरगरलं, थरथरलं आणि थांबलं. दोन्या इरायदा आपल्या सुयांची डबी बंद करायला लागल्या. डबी आधीच बंद होती, म्हणून त्यांनी ती उघडून परत बंद केली. तिर्सो छताकडे बघत होता. निल्सा तीतीने "छान, छान," म्हटलं, पण तोंड असं केलं होतं की जणू कुणीतरी तिच्या कॉफीत मीठ टाकलंय.

मोठ्या माणसांना आनंद झाला की ती अशी दिसतात का? झुलेका सतरा वर्षांची होती आणि हल्ली तिला बऱ्याच गोष्टी कळायला लागल्या होत्या. ही मात्र कळेना.

ओया म्हणजे पातेलं. सगळ्यांनी आपापलं काहीतरी आणून टाकायचं आणि सगळ्यांनी खायचं, असं मोठं पातेलं; या पाच जणांच्या गटाचं नावही तेच. दोन्या म्हणजे 'बाई', मानाने हाक मारायचा शब्द; दोन्या इरायदा एकाहत्तर वर्षांच्या. त्या लोकांचं दुखणं शमवायला कानात सुया टोचायच्या, प्रत्येक कानात पाच, आणि टोचून झाल्या तरी माणूस विचारायचा, "कधी सुरू करणार?" तिर्सो आठवडाभर लोकांचे केस कापायचा आणि शनिवारी त्याच हातांनी त्यांचे खांदे रगडायचा. निल्सा तीती सुईण. गल्लीतली अर्धी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली होती, त्यामुळे उरलेला जन्मभर तिला त्यांच्यावर ओरडायचा हक्क होता. क्लेम बूशार भांडणं मिटवायचे. घरमालकांची, भाडेकरूंची, बापलेकांची. बोलताना प्रत्येक वाक्याला नंबर दिल्यासारखे बोलायचे. आणि पाचवी झुलेका. ती मोहरीएवढ्या बिया चिकटपट्टीने कानाला लावायची. शाळेतल्या पोरांना परीक्षेच्या आधी सुयांची भीती वाटायची, बियांची नाही. मागच्याच महिन्यात ती ओयाची पूर्ण सभासद झाली होती. अर्धी नाही, पाव नाही, अख्खी! तिच्या हाताचं वजन आता दोन्यांच्या हाताइतकं होतं. त्या दिवशी तिने बाथरूमच्या आरशासमोर हात वर करून बघितला होता. बरा दिसत होता.

अकरा वर्षं दर शनिवारी सार्जंट स्ट्रीटवरच्या लाँड्रीत, धुण्याची मशीनं आणि सुकवायची मशीनं यांच्यामधल्या जागेत, ओयाच्या आठ घडीच्या खुर्च्या मांडल्या जायच्या. लाँड्रीतच का? कारण जे लोक मेले तरी डॉक्टरकडे जात नाहीत, त्यांनाही कपडे धुवावेच लागतात. धुणं चाळीस मिनिटांचं आणि सुयाही चाळीस मिनिटांच्या. बसा, टोचून घ्या, गप्प राहा. मग कपड्यांच्या घड्या घालताना तोंडं उघडतात. एकदा अशाच अकरा बायकांच्या पोटऱ्या एकाच महिन्यात दुखायला लागल्या. तिर्सो रगडता रगडता विचारत गेला, तेव्हा कळलं की कालव्याजवळचा बसथांबा बंद झाल्यापासून सगळ्याजणी चढावर चालत येताहेत. ओयाने त्या अकराजणींना, त्यांच्या पिशव्यांसकट, महापौरांच्या सभेत नेऊन बसवलं. बर्फ वितळायच्या आत थांबा परत आला.

"पोटरी रगडली की पोटरी बरी होते," दोन्या इरायदा म्हणायच्या. "थांबा परत आणला की गल्ली बरी होते. आपण दोन्ही करतो."

आणि आता टेकडीवरच्या मोठ्या दवाखान्याकडून पत्र आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीसकट. खरे पलंग, लिफ्ट, आठवड्याचे पाच दिवस. फक्त आधी नाव नोंदवून यायचं आणि दारात फोटोचं कार्ड दाखवायचं. बस, एवढंच.

एवढंच म्हणे!

झुलेकाची आई, मायरा, त्या इमारतीकडे बघतसुद्धा नसे. आठ वर्षांपूर्वी, झुलेका नऊ वर्षांची असताना, तिथल्याच एका खोलीत हातात फॉर्म घेतलेल्या एका बाईने मायराला बरेच प्रश्न विचारले होते. त्या दिवशी झुलेका एका लिफ्टने खाली आली आणि आई दुसऱ्या लिफ्टने. तेव्हापासून झुलेका निल्सा तीतीकडे, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीकडे, राहायची. आई कालव्यापलीकडे एका मैत्रिणीकडे. आईने नशापाणी सगळं सोडलं त्याला दोन वर्षं झाली होती, पण टेकडी दिसते म्हणून ती अजून मुख्य पुलावरून येत नसे. लांबच्या पुलावरून वळसा घालून यायची.

पण यायची. दर शनिवारी, दोन वाजता, कपड्यांची टोपली घेऊन. तिसऱ्या खुर्चीत बसायची, दोन्यांकडून सुया टोचून घ्यायची, डोळे मिटायची. झुलेका तिला चहाचा कप द्यायची.

"गरम आहे."

"हं."

आठवड्याभराचं दोघींचं बोलणं ते एवढंच. झुलेका त्यावर पुढचे सहा दिवस काढायची. आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. त्या टोपलीतल्या कपड्यांना मशीनमध्ये जायच्या आधीच साबणाचा वास यायचा.

मग झुलेकाने मूठ का वर केली नाही? विचारा की. ती स्वतःलाच रात्रंदिवस विचारत होती. ओयात पाच बोटं म्हणजे मनापासून हो. तीन म्हणजे चालेल, मी आड येत नाही. मूठ म्हणजे नाही, मी हे होऊ देणार नाही. एकट्याची मूठसुद्धा सगळा ठराव अडवते. म्हणूनच तिच्यावर एक नियम होता आणि तो दोन्यांनी स्वतः घातला होता: मूठ पातेल्यासाठी वळायची, आपल्या ताटासाठी नाही. आई हे तर सरळसरळ ताटच झालं ना? शिवाय बाकी चौघांची तीन-तीन बोटं आधीच वर होती. चार शहाणी माणसं हो म्हणताहेत, तर त्यांना काहीतरी दिसत असणार जे आपल्याला दिसत नाही. म्हणून तिनेही हो ला हो केलं.

एक बरं होतं. ओयाचा कुठलाही ठराव लगेच पक्का होत नसे. भातात घालायच्या आधी तुरीचे दाणे भिजत घालावेत तसा तो आठवडाभर भिजत ठेवायचा, फळ्यावर लिहून, आणि पुढच्या शनिवारी परत बोटं मोजायची. झुलेकाकडे सात दिवस होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती तिर्सोच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तिर्सो स्वतःच्याच खुर्चीत बसून स्वतःला वरखाली करत होता.

"ये, नेना, ये पोरी. मान आखडलीये. लाव तुझ्या त्या बिया."

तिने त्याचा कान धरला. पहिली बी लागते ना लागते तोच तो बोलायला लागला. केस कापणाऱ्यांचं असंच असतं. स्वतः खुर्चीत बसले की जन्मभर ऐकलेलं सगळं बाहेर पडतं.

"खरं सांगू? मला नाही जायचं तिथे वर. गालिचा आहे म्हणे! गालिच्यावर लोक हळू बोलतात. इथे दोन्या चिता मशीनला लाथ मारते, मग मला कळतं तिचा नवरा परत आलाय. तिथे काय गालिच्याला लाथ मारणार?"

झुलेकाच्या हातातली चिकटपट्टी तिच्याच बोटाला चिकटली. "मग तू तीन बोटं का दाखवलीस?"

"दोन्यांसाठी. गुडघे बघितलेस त्यांचे? वाकल्या की उठताना मशीनला धरतात. तिथे लिफ्ट आहे. मी कोण आड येणारा?"

"अरे, मग हे सांग ना सगळ्यांना!"

"ए बाई," तिर्सोने आरशातून तिच्याकडे बोट रोखलं. "खुर्चीतलं खुर्चीत."

हा ओयाचा सगळ्यात जुना नियम. कान हातात असताना माणूस जे बोलला ते कानातच राहायचं. घरी नाही, दारी नाही, सभेत तर नाहीच नाही. झुलेकाने सभासद होताना तोच तर शब्द दिला होता.

बुधवारी निल्सा तीतीचं डोकं चढलं. दोन बाळंतपणं एका रात्रीत, आणि वर स्वयंपाक. ती हिरवी केळी सोलत होती आणि झुलेका मागे उभी राहून तिच्या कानाला बिया लावत होती.

"तीती, टेकडीवरची खोली तुला आवडली का गं?"

"मला?" तीतीने केळं असं सोललं की अर्धं सालीबरोबर गेलं. "माझ्या बायका पोट सांभाळत तिसऱ्या मजल्यावर कार्ड दाखवत येणारेत का? त्या येतात कारण बाळाचे कपडे धुवायचे असतात. पण तिर्सो बघ, दाराजवळ उभा असतो बिचारा. जानेवारीत त्याची बोटं निळी पडतात, त्याच बोटांवर पोट त्याचं. त्याला नीट टेबल मिळत असेल तर मी कशाला... आई गं, हळू दाब."

"तीती, पण तिर्सो तर—"

आणि झुलेकाने जीभ चावली. अक्षरशः चावली. तिला तिर्सोचं माहीत होतं आणि ते बोलता येत नव्हतं. आता तीतीचंही माहीत झालं होतं आणि तेही बोलता येत नव्हतं.

"आणि आई?" तिने हळूच विचारलं.

तीतीचा हात थांबला. तिने ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

"मला वाटलं तूच काहीतरी बोलशील," तीती म्हणाली. "तू नाही बोललीस. म्हटलं, पोरीला आता नको असेल ते दर शनिवारचं. मोठी झालीये."

नको असेल! झुलेकाला रडावं की हसावं कळेना. ती दोन्ही एकदम करायला गेली आणि तिला उचकी लागली.

गुरुवारी तिने क्लेमना वाचनालयात गाठलं. त्यांचा कान धरायचा प्रश्नच नव्हता. ते बियांवर विश्वास ठेवत नसत. त्यांचा विश्वास फायलीवर होता.

"मिस्टर क्लेम, समजा सगळ्यांनीच तीन बोटं दाखवली..."

"मग ठराव मंजूर."

"पण समजा कुणालाच तो नको असेल?"

"नको असता तर मूठ आली असती."

"पण समजा प्रत्येकाला वाटत असेल की बाकीच्यांना हवाय?"

क्लेमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असं रकान्यात बसत नाही, झुलेका."

"बरं, तुमची तीन बोटं कशासाठी होती?"

"मी सभा चालवतो. सभा चालवणाऱ्याने कुणाच्या बाजूने असू नये. मी अकरा वर्षं तीनच दाखवतोय."

"दरवेळी?"

"दरवेळी," क्लेम म्हणाले आणि त्यांना त्यात अभिमान वाटत होता. झुलेकाने डोकं टेबलावर ठेवलं. वाचनालयातल्या बाईंनी शू केलं.

शुक्रवारी तीतीने दोन्या इरायदांसाठी रश्श्याचं भांडं पाठवलं. दोन्या खिडकीशी बसल्या होत्या, पाय स्टुलावर, गुडघे खरंच भोपळ्यासारखे सुजलेले. त्यांनी रस्सा बाजूला ठेवला आणि कान पुढे केला.

"लाव. बघू तरी माझी विद्यार्थिनी काय शिकलीये."

झुलेकाने आधी हात पुसले. दोन्यांचा कान म्हणजे काय चेष्टा आहे? पातळ, सुरकुतलेला, सुकवलेल्या जर्दाळूसारखा. तिने काही विचारलं नाही. आता विचारायचीच भीती वाटत होती. पण तिसऱ्या बीला दोन्या आपणहून बोलल्या.

"मी ती लाँड्री शोधली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मला तिथेच मरायला आवडलं असतं. नऊ नंबरच्या मशीनजवळ, तिथे ऊब असते. पण म्हातारं माणूस मूठ वळून बसलं की तरुण लोक म्हणतात, आता ही काही जागा सोडत नाही. सगळ्यांना वर जायचंय तर जाऊ देत. तुझंही बरं होईल. फोटोचं कार्ड, खाली तुझं नाव. कॉलेजच्या अर्जाला लावशील."

झुलेकाच्या हातात शेवटची बी होती. ती कुठेतरी पडली आणि दोघींनाही सापडली नाही.

"तुझी तीन कशासाठी होती गं?" दोन्यांनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी दाखवली म्हणून."

दोन्यांनी रश्श्याचं भांडं पुढे ओढलं. मग दोघींनी रस्सा खाल्ला. रताळी जरा कच्ची होती.

शनिवारी झुलेका सकाळी नऊलाच लाँड्रीत पोचली. आठ खुर्च्या मांडल्या, पुसल्या, परत पुसल्या. तिच्या डोक्यात सगळं एकात एक गुंतलं होतं. तिर्सो दोन्यांसाठी, तीती तिर्सोसाठी, दोन्या सगळ्यांसाठी, आणि सगळे मिळून अशा ठिकाणी निघालेत जिथे कुणालाच जायचं नाही. तिने सांगितलं तर तिन्ही खुर्च्यांचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर आई जाते. आणि मूठ वळली तर ती ताटासाठी, कारण पातेल्याबद्दल तिला जे माहीत होतं ते सगळं तिला माहीतच नसायला हवं होतं! यात शहाणपण कुठलं आणि वेडेपणा कुठला? तिने तिर्सोचं दाराजवळचं स्टूल पुसलं. ते पुसायची काहीच गरज नव्हती.

दोनला आई आली नाही.

सव्वादोन झाले, अडीच झाले. झुलेकाने चहा केला, तो निवला, परत केला. तीन वाजून गेल्यावर दार उघडलं. आई, टोपली, लाल झालेलं नाक. ती खुर्चीकडे जाता जाता फळ्यासमोर थांबली. फळ्यावर क्लेमच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं: टेकडी. दुसरी मोजणी, आज साडेतीन.

आईने हनुवटी उचलून बाहेर, वरच्या बाजूला दाखवलं. "तिकडे?"

नवा शब्द! आठ वर्षांत पहिल्यांदा 'हं' सोडून दुसरा काहीतरी शब्द, आणि तो हा असावा?

"अजून भिजतंय," झुलेका म्हणाली.

आईने मान हलवली, तिसऱ्या खुर्चीत बसली आणि डोळे मिटले. दोन्या वाकून सुया टोचायला लागल्या. उठताना त्यांनी मशीनला धरलं.

साडेतीनला पाचजण मशीनांच्या मधल्या वाटेत उभे राहिले. आईच्या कानात अजून सुया होत्या. चाळीस मिनिटं व्हायला अवकाश होता आणि तिच्याकडे पाठ करून उभं राहण्याइतकी जागाच नव्हती. जुन्या गिरणीतलं लाकडी रीळ क्लेमच्या हातात होतं. रीळ ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी हाताची घडी.

"ठराव तोच," क्लेम म्हणाले. "बोटं."

तिर्सो, तीन. तीती, तीन. क्लेम, अर्थातच तीन. दोन्यांचा हात सगळ्यात हळू वर गेला. त्याचीही तीन बोटं उघडली, एकेक करत, जणू दुखत होती.

झुलेकाची मूठ.

आपण मूठ वळली आहे हे तिला सगळ्यांचे चेहरे बघून कळलं.

"अंगठा बाहेर घे," तिर्सो पुटपुटला. "मोडशील."

"रीळ नाही तुझ्याकडे," क्लेम त्याला म्हणाले आणि भराभर फाईल चाळायला लागले. सहा वर्षांत ओयात मूठ आली नव्हती. "मूठ, मूठ... हं. मूठ वळणाऱ्याने कारण सांगायचं." त्यांनी रीळ तिच्या हातात दिलं. "पातेल्यासाठी की ताटासाठी?"

"मला माहीत नाही."

"दोनच रकाने आहेत."

"तर तिसरा काढा ना! मला खरंच माहीत नाही, मिस्टर क्लेम. मला आठवडाभर कळत नाहीये." तिचा आवाज फाटला. तीन माणसांची गुपितं तिच्या दातांमागे येऊन उभी होती आणि दार ठोठावत होती. तिने त्यांना आत ढकललं आणि जे एकटं तिचं होतं तेवढंच बाहेर काढलं. "माझी आई तिथे येणार नाही. इथे येते. मला ती इथे यायला हवीये. बास."

तिसऱ्या खुर्चीकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

निल्सा तीतीने तोंडावर हात ठेवला. दोन्या इरायदांनी हात पुढे करून रीळ मागितलं आणि त्या म्हणाल्या, "हे ताट झालं, नेना." आवाज कडक नव्हता, पण मऊही नव्हता. "नियम मी केला. तो तुझ्यासाठी वाकवला तर उद्या कुणासाठीही वाकेल. अशी मूठ मोजता येत नाही."

झुलेकाचे कान तापले. दोन्या बरोबरच बोलत होत्या, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मूठ सुटायला लागली. करंगळी सैल झाली, मग शेजारचं बोट. आणि तिने आपल्या हाताकडे बघितलं. बोटं. वर गेलेली, न गेलेली, मोजलेली...

"मिस्टर क्लेम, मूठ वळणाऱ्याला प्रश्न विचारता येतो?"

क्लेमनी पान उलटलं. "मूठ बाद होण्याआधी. एक."

दोन्यांनी तिला रीळ परत दिलं.

"पाच बोटं कुणाची आहेत?"

"काय?"

"मनापासून हो कुणाचं आहे? तुम्ही नेहमी मुठी मोजता. मूठ नाही, मूठ नाही, ठरलं! पाच बोटं कुणी मोजलीत का? या वेळी? मागच्या वेळी?"

सात नंबरचं मशीन गरगरलं, थरथरलं आणि थांबलं, आणि मग इतकं शांत झालं की कुणाच्या तरी पँटची झिप सुकवायच्या मशीनच्या पत्र्यावर टणटण आपटत होती ती ऐकू आली. क्लेमनी फाईल चाळली. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, तीन बोटं अजून वरच होती. ते त्यांच्याकडे असं बघत राहिले की जणू ती कुणीतरी त्यांच्या हाताला लावून ठेवली होती.

"पाचचा रकानाच नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षांत..."

तिर्सो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. "म्हणजे कुणालाच नकोय? अहो दोन्या, मी तुमच्या गुडघ्यांसाठी—"

"माझ्या गुडघ्यांनी तुझ्याकडे लिफ्ट मागितली होती?"

"आणि मी याच्या बोटांसाठी!" तीती ओरडली. "निळी पडतात म्हणून!"

"निळी पडतात तर हातमोजे आण ना, बाई! दवाखाना कशाला आणतेस?"

"रीळ!" क्लेम म्हणत होते. "रीळ कुणाकडे आहे? एकेक जण! एकेक—" पण रीळ झुलेकाकडे होतं आणि ती एक शब्दही बोलत नव्हती. तिला बोलायची गरजच उरली नव्हती. खुर्च्यांमधलं सगळं ज्याच्या त्याच्या तोंडून आपोआप सांडत होतं. दोन नंबरच्या खुर्चीतल्या दोन्या चिताने कानात सुया घेऊनच सांगितलं की तिला तर कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिने पायाची बोटंसुद्धा मोजायला लावली असती.

सगळं नीट मिटलं असं काही म्हणता येणार नाही. गुडघे खरंच दुखत होते. दारातून खरंच वारा येत होता. तिर्सो म्हणाला की दुकानातली एक वरखाली होणारी खुर्ची मी शनिवारी इकडे आणतो, माणूस वर घ्या म्हणजे तुम्हाला वाकावं लागणार नाही, आणि दोन्या म्हणाल्या बघू, त्यांच्या 'बघू'चा अर्थ आजवर कुणाला लागला नव्हता. क्लेमनी फळ्यावरचं 'टेकडी' पुसलं आणि फायलीत एक नवीन रेघ मारली. "आणि मूठ?" त्यांनी विचारलं. "ती कशात लिहू?"

दोन्यांनी झुलेकाकडे बघितलं. "तू सांग."

"अजून माहीत नाही," झुलेका म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

"मग तसंच लिहा," दोन्या क्लेमना म्हणाल्या.

चाळीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. दोन्यांनी मायराच्या कानातल्या सुया काढल्या, दहाच्या दहा, डबीत मोजून टाकल्या. मायरा उठली. आता ती दाराकडे जाणार. सगळ्यांसमोर तिचं नाव निघालं, टेकडीचं नाव निघालं, आता ती लांबच्या पुलावरूनसुद्धा येणार नाही.

आई टोपलीकडे गेली. तिने आतून एक चादर ओढली, चारी कोपऱ्यांना इलास्टिक असलेली, आणि एक टोक झुलेकाकडे फेकलं.

"धर."

झुलेकाने धरलं. तसल्या चादरीची घडी जगात कुणालाच घालता येत नाही. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, कोपऱ्यात कोपरा घातला, तो उलटा निघाला. मागे गेल्या, परत आल्या.

"तुझी बाजू उलटी आहे," आई म्हणाली.

"नाही, तुझी."

"माझी कशी? शिवण बघ."

"शिवण तर दोन्हीकडे आहे!"

तिसऱ्या वेळी चादर आपोआप गोळा झाली आणि दोघींच्या मध्ये लोंबायला लागली. आईने तो गोळा तसाच टोपलीत कोंबला. तिचं नाक अजून लाल होतं.

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी परत धुवायचीच आहे."

झुलेकाने मान हलवली. चादर कोरडी होती, उबदारही नव्हती, तरी तिला साबणाचा वास येत होता. ती आज मशीनमध्ये गेलीच नव्हती.